अहिंसा फक्त परग्रहावरच्या बायकांनाच परवडते का?

मंजिरी, सातारा (धागाकर्ती)

आमच्या वाचन गटात हा वाद मिटत नाहीये, म्हणून इथे आणून टाकते. पुस्तक वाचलेलं नसलं तरी बोला, गोष्ट मी सांगतेच.

जोन स्लॉन्चेवस्की यांची 'अ डोअर इन्टू ओशन' ही कादंबरी, १९८६ ची. पेशा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्याचा आणि पंथ क्वेकर, म्हणजे युद्धात उतरायचंच नाही असं मानणारा. दोन्ही गोष्टी कादंबरीत पानोपानी दिसतात. शोरा हा सगळा पाण्याचा उपग्रह, तिथे जमीनच नाही. राहतात फक्त बायका, जिवंत वनस्पतींच्या तराफ्यांवर. शस्त्र माहीत नाही, पण जीवशास्त्रात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. शेजारच्या वॅलेडॉनवरून व्यापारी येतात आणि त्यांच्या मागोमाग सैन्य. मग बराच काळ एवढंच चालतं: सैन्य हुकूम सोडतं, बायका तो पाळत नाहीत. व्यापाऱ्यांशी बोलणं टाकतात. पकडलं तर अंग पांढरं पडून समाधी लागावी तशा होतात. त्या अवस्थेत छळलं तर जीव जातो, पण तोंड उघडत नाही. मारल्या जातात. दुसऱ्या दिवशी परत तेच.

सत्याग्रहावरची याहून चांगली कादंबरी मी वाचलेली नाही, मराठीतसुद्धा.

आपल्याकडे सत्याग्रह सांगायची रीत ठरलेली आहे. एक महापुरुष, एक तारीख, एक मूठ मीठ. त्या दिवशी घरी कोणी दळलं, धारा कोणी काढल्या, तुरुंगात गेलेल्याची पोरं कोणी सांभाळली, हे पुस्तकात येत नाही. शोरावर नेता नाहीच. तराफ्यावर बैठका होतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चालतात, एक जण अडून बसली की सगळं अडतं. वाचताना कंटाळा येतो आणि तो कंटाळा मला फार खरा वाटला. तिथे मोठी झालेली प्रत्येक बाई स्वतःचा दोष नावापुढे लावून घेते. मेरवेन 'उतावळी' आहे. सगळ्यांत धीर धरणारी बाई ती, आणि बिरुद हे!

याहून मोठं कारण म्हणजे ह्या बायका दुबळ्या नाहीत. मनात आणलं तर सैन्य संपवेल असा रोग त्या घडवू शकतात. त्यावर त्यांच्यात भांडण होतं, चांगलं कडाक्याचं. आणि तरी त्या तो घडवत नाहीत. हातात काही नाही म्हणून गप्प बसलेल्यांची ही गोष्ट नाही.

आमच्या गटातले एक काका म्हणतात, कल्पनाविलास आहे, खऱ्या बंदुकीपुढे दोन मिनिटं टिकणार नाही. तुमचं काय म्हणणं? ह्याच वाटेवरची ले ग्विनची 'द आय ऑफ द हेरॉन' (१९७८), स्टारहॉकची 'द फिफ्थ सेक्रेड थिंग' (१९९३) कोणी वाचली असतील तर तीही आणा.

गणपती पेठ

पुरुषच नाहीत म्हटल्यावर निम्मी अहिंसा तिथंच झाली की. उरलेल्या निम्मीसाठी एवढी पानं कशाला?

(भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.)

वाळवेकर अण्णा

मंजिरीताई, धागा चांगला, मत साफ नापसंत.

लेखक हा त्या ग्रहाचा ब्रह्मदेव. कोणाला काय द्यायचं ते त्याच्या हातात. ह्या ब्रह्मदेवानं बायकांना काय काय दिलंय बघा. छळ सुरू झाला की मरण आपल्या हातात, म्हणजे छळाचं भय गेलं. चहूकडे पाणी, म्हणजे जमीन जप्त व्हायची भीती नाही. खाणं समुद्रातलं, म्हणजे रेशन तोडता येत नाही. पाटील, तलाठी, सावकार, खबऱ्या कोणी नाही. आणि वर हुकमाचं पान: तिथल्या जंतूंमुळे सैनिकांची कातडी जांभळी व्हायला लागते आणि सैन्याची पाचावर धारण बसते. सैन्य शेवटी निघून जातं त्यात ह्या भीतीचा वाटा किती? रोग वापरला नाही म्हणता, पण रोगाच्या भीतीचं व्याज पुरेपूर खाल्लं की.

आता आपल्याकडे या. ९ सप्टेंबर १९४२, वडूज. तेव्हा सातारा जिल्हा मोठा, आत्ताच्या सांगलीतले आमचे तालुकेही त्यातच. लोक मामलेदार कचेरीवर निघाले. शस्त्र म्हणाल तर झेंड्याची काठी. परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे, आणि गोळ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. तिथंही गोळीबार, किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. कोणाची कातडी जांभळी झाली नाही. आणि मग ह्याच लोकांतून काय उभं राहिलं? तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारची, इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या लोकांच्या सरकारची, सशस्त्र फौज. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटली ती ह्यांनीच.

ले ग्विनबाईंचं 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' मी वाचलंय, १९७२ चं, व्हिएतनाम पेटलेलं असतानाचं. जंगलातली ती माणसं खून म्हणजे काय ते ओळखत नव्हती. पृथ्वीवरून लाकूडतोडे आले, गुलाम केलं, सेल्व्हरच्या बायकोची विटंबना करून तिला मारलं. मग सेल्व्हर मारायला शिकला आणि आपल्या लोकांना शिकवलं. वसाहत जाळली, पृथ्वीच्या बायकाही सोडल्या नाहीत. सुटका झाली. बाईंनी किंमतही लिहिली: एकदा शिकलेला खून विसरता येत नाही. तिथं मला लेखिका प्रामाणिक वाटली. शोरा हे गोड स्वप्न आहे.

मंजिरी, सातारा

अण्णा, व्याजाचा मुद्दा जोरदार आहे. पण भीती कोणाच्या मनातली ते बघा ना. बायका पहिल्यापासून सांगताहेत की आम्ही मारणार नाही. जनरल रिअल्गारला ते पटतच नाही, कारण त्याच्या हातात असं काही असतं तर त्यानं ते वापरलं असतं. जांभळ्या रंगानं कोणी मरत नाही, उलट पाण्याखाली जास्त वेळ दम धरता येतो. शिपाई घाबरतात ते आपण यांच्यासारखे होतोय म्हणून.

आणि वडूज सांगितलंत, मग त्याच्या सहाच दिवस आधी तासगावला काय झालं तेही सांगा. ३ सप्टेंबर १९४२. तोच जिल्हा, तेच झेंडे. मोर्चा कचेरीवर गेला, झेंडा चढला, मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली, आणि गोळी सुटली नाही. तासगाव वगळून वडूज धरायचं, हा कुठला हिशोब?

येरळाकाठी

दोघांनाही सांगतो. तासगावला गोळी सुटली नाही म्हणूनच वडूजला सुटली, असं माझं मत. मामलेदाराची टोपी बदलली ही बातमी जिल्हाभर झाल्यावर सरकार पुढच्या कचेरीत ती वेळ येऊ देणार नव्हतं. निःशस्त्र मोर्चा पहिल्यांदा जिंकतो, दुसऱ्यांदा समोरचा तयारीत असतो. मंजिरीताई, शोरावर समोरचा काही शिकतो का?

आणि अण्णा, तुम्ही प्रतिसरकार म्हणजे नुसती बंदूक असं चित्र रंगवताय. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ टिकलं, ते गाडी लुटली म्हणून नव्हे. गावोगाव न्यायदान मंडळं बसली. बांधाचं भांडण, सावकाराकडचं गहाण, नवऱ्यानं टाकलेली बाई, सगळं गावातच निकालात निघायला लागलं. हुंडा नाही, मानपान नाही, हार घालून गांधी विवाह. लोक इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढेनासे झाले. साहेब खुर्चीत बसलाय आणि समोर अर्ज घेऊन कोणी उभंच नाही, ही त्याची खरी पंचाईत. शोराच्या बायका व्यापाऱ्यांशी बोलणं टाकतात ते ह्याच जातीचं.

आता दुसरी बाजू. खबरे आणि दरोडेखोर यांच्या तळपायांवर काठ्या पडायच्या, आणि मंडळाच्या निकालामागे त्या काठीची जरब होती. बहिष्कार आणि काठी एकाच कारभारात. त्यामुळे पत्री सरकार (प्रतिसरकारचंच लोकांच्या तोंडचं नाव) कोणीच पूर्ण आपल्या बाजूला ओढू नये.

निशिगंधा, मिरज

तुम्ही तिघं अहिंसा चालते का यावर भांडताय. मला विचारायचंय, हे काम बायकांच्या गळ्यात कोणी बांधलं?

पुरुष लेखकाच्या ग्रहावर लढाया, स्त्रीवादी लेखिकेच्या ग्रहावर बैठका, बागा, समाधी. सॅली मिलर गिअरहार्टच्या 'द वाँडरग्राउंड'मध्ये डोंगरातल्या बायका मनातल्या मनात बोलतात, झाडांशीही बोलतात. त्याच्या कितीतरी आधी, १९१५ मध्ये, शार्लट पर्किन्स गिलमनची 'हरलँड': दोन हजार वर्षं तिथं पुरुष नाहीत आणि म्हणून म्हणे भांडणही नाही. (तिथं कोणी आई व्हायचं आणि कोणी नाही हेही ठरवलं जातं, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.) वाचायला गोड. पण सूर तोच, जो मी लहानपणापासून ऐकतेय. बाईची जात सोशिक, बाईनं पडतं घ्यावं. आजी म्हणायची, मग सासू, आता थेट परग्रहावरून.

म्हणून मला जोआना रस ही लेखिका लागते. 'द फीमेल मॅन', १९७५. त्यातल्या व्हाइलअवे नावाच्या जगात पुरुष नाहीत, तरीही बायका द्वंद्वयुद्धात एकमेकींचा जीव घेतात. आणि जेएल, बायका-पुरुषांचं युद्ध चाललेल्या दुसऱ्या जगातली, जिच्या बोटांत पोलादी नखं. ती एका पुरुषाला ठार करते आणि तिला पश्चात्ताप होत नाही. वर व्हाइलअवेच्या बाईला सुनावते की तुमचं शांत जग आमच्या लढाईवर उभं आहे. जेएल मला आवडते असं नाही. पण 'आईच्या मायेनं जग जिंकू' म्हणणाऱ्या कादंबऱ्यांना तिनं चांगलं गाठलंय.

पत्री सरकारचं चाललंय म्हणून हौसाताई पाटलांची गोष्ट. नाना पाटलांची लेक. पोलीस चौकीसमोर नवरा बायकोला झोडपतोय असं नाटक रचलं, मार खाणारी बायको हौसाताई. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात आतल्या बंदुका साथीदारांनी लांबवल्या. त्यांच्या धाडसाबद्दल ब्र काढणार नाही. पण काम कसं वाटलं गेलं बघा: क्रांतीतसुद्धा बाईच्या वाट्याला मार खाणं, आणि पोलिसांना त्यात काही संशयास्पद वाटलं नाही, इतकं ते रोजचं.

आणि शत्रू त्याच घरात, त्याच अंथरुणावर असेल तर कोणता बहिष्कार घालणार? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला तेव्हा कुठं बाईला 'मी जात नाही, तू घराबाहेर हो' असं कोर्टाकडून म्हणवून घेता आलं. तो कायदा चालतो पोलिसाच्या काठीवर. शोराच्या बायकांना हा प्रश्न पडतच नाही.

बंडू फिरस्ता

ताई येक शंका. ते पांढरं पडून समाधी लागती म्हंता, ते आमच्याकडं बायांच्या अंगात येतं तसंच का ओ? आमची चुलती आमावस्येला अंगात आलं की चुलत्याला अरंतुरं करायची आन् चुलता हात जोडून हुबा. येरवी त्येच्याम्होरं तिची मान वर न्हाई.

निशिगंधा, मिरज

बंडूदादा, उलटं आहे. चुलतीला बोलायला मिळायचं ते अंगात आलं की. शोरावरची बाई बोलायचं थांबते. पण दोघींना एका रांगेत बसवायला माझी हरकत नाही. चुलतीवर खरंच कोणीतरी विज्ञानकथा लिहायला पाहिजे.

वैशाली, कोरेगाव तालुका

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. ह्यातली एकही कादंबरी मी वाचलेली नाही. दारूबंदीचं सांगते.

आमच्या गावात दुकान स्टँडजवळ होतं. सुरुवातीला बायकांनी रागाच्या भरात जाऊन बाटल्या फोडल्या. दोन दिवस दुकान बंद, मग परत सुरू, आणि पुढं असणाऱ्या बायकांवर केसेस. नवरे म्हणाले, आता हिंडा कोर्टात. मग एका वयस्कर मावशींनी सुचवलं की काही करायचं नाही, समोरच्या ओट्यावर नुसतं बसायचं. दिवेलागणीपासून दुकान बंद होईपर्यंत. पाळ्या लावल्या. कोणाची म्हैस व्यालेली, कोणाचं पोर दहावीला, ते बघून. सोबत शाळेची शंभर पानी वही. बाटली घ्यायला येईल त्याला अडवायचं नाही, बोलायचं नाही. फक्त नाव, वेळ आणि काय घेतलं ते लिहायचं. नाव माहीत नसेल तर शेजारणीला मोठ्यानं विचारायचं, 'अगं, हे कुणाचे?' एवढंच. बापये लांबूनच माघारी वळायला लागले. एकानं येऊन वही हिसकून फाडली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन वह्या.

पुढं आडव्या बाटलीसाठी मतदान. इथं लोकांची समजूत चुकते. आलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूला गेल्यासारखीच. मग मुंबईला असलेल्या सुना, लग्न होऊन गेलेल्या पण यादीत नाव राहिलेल्या पोरी, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या, एकेकीचा फोन नंबर शोधून गाडीभाड्याची सोय करायची. मयत झालेल्यांची नावं कमी करायला तहसीलला हेलपाटे. माझी सगळी अहिंसा त्या यादीत गेली.

निशिगंधाताई, आम्ही ओट्यावर सोसत नव्हतो. सोसत होतो तेव्हा घरात होतो.

मंजिरी, सातारा

वैशालीताई, स्टारहॉकच्या कादंबरीत तुमच्या वहीची बहीण सापडेल. २०४८ चं सॅन फ्रान्सिस्को, शहरावर सैन्य चालून आलंय. शहर ठरवतं की शस्त्र उचलायचं नाही. सैनिकानं कोणाला मारलं की मेलेल्याचे लोक पांढरे कपडे घालून त्या सैनिकाच्या मागे लागतात. हात लावत नाहीत. हा कोण होता, त्याला काय आवडायचं, एवढंच सांगत राहतात. शिवाय प्रत्येक सैनिकाला आमंत्रण की आमच्या पंगतीत तुझंही ताट वाढलंय, ये.

येरळाकाठी

हो, आणि त्याच कादंबरीच्या शेवटी सैन्यातले लोक फुटतात आणि आपल्याच वरच्यांवर बंदुका वळवतात. शहराचे हात स्वच्छ राहिले, गोळी दुसऱ्यानं चालवली. अण्णांचं व्याज इथंही लागू.

वाळवेकर अण्णा

वैशालीताई, तुम्हाला मनापासून नमस्कार. पण पुढचं सांगा. दुकान गेल्यावर मोटारसायकलवरून येणारी दारू थांबली का? आणि मतदान तहसीलदारानं घेतलं, कुलूप सरकारी माणसानं ठोकलं. कायदा तुमच्या पाठीशी होता म्हणून वही चालली. १९४२ ला कायदाच समोर बंदूक घेऊन उभा होता.

वैशाली, कोरेगाव तालुका

मोटारसायकलवाला येतो अण्णा, खोटं कशाला बोलू. पण रात्रीचा, दिवा बंद करून. आधी स्टँडवर पाटी लावून बसायचा. आणि कायद्याचं म्हणाल तर आम्ही बाटल्या फोडत होतो तेव्हाही तो होताच की पाठीशी. त्यानं केसेस आमच्यावरच घातल्या.

आयटीवाला कराडकर

आकडे आणतो. एरिका चेनोवेथ आणि मरिया स्टीफन, २०११ चं पुस्तक. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र २६ टक्के. विषय संपला.

गणपती पेठ

५३ टक्के म्हणजे सेकंड क्लास. डिस्टिंक्शन कोणालाच नाही.

येरळाकाठी

कराडकर, विषय इतक्यात संपत नाही. ते आकडे राजवट उलथवणं, परकी सत्ता घालवणं अशा मोठ्या मोहिमांचे आहेत, स्टँडजवळच्या दुकानाचे नाहीत. शिवाय जी राजवट आधीच पोखरलेली असते तिथंच निःशस्त्र चळवळ बाळसं धरते, असंही म्हणता येतं. पण त्यांनी दिलेलं कारण मला पटतं: बंदूक उचलायला मोजके तरुण लागतात, बहिष्काराला म्हातारी-कोतारी, लेकुरवाळ्या सगळ्या येऊ शकतात. माणसं जास्त जमतात, आणि समोरच्या शिपायाची मावशी त्यांत असण्याची शक्यता वाढते. शोरात नेमकं हेच नाही. शिपायांची कोणीच तिथं नात्याची नाही. म्हणून स्लॉन्चेवस्कींना जांभळा रंग आणावा लागला, असं मला वाटतं. रंग हेच नातं.

मंजिरी, सातारा

हे मला सुचलं नव्हतं. मस्त.

निशिगंधा, मिरज

आपल्याकडचं एक राहिलं. रोकेया सखावत हुसेन, 'सुलतानाज ड्रीम', १९०५, मद्रासच्या इंडियन लेडीज मॅगझिनमध्ये छापलेली. बायकांचं राज्य, पुरुष मर्दान्यात कोंडलेले. शत्रू चालून येतो, पुरुषांचं सैन्य हरतं. मग विद्यापीठाची प्रमुख दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणांगणावर जाते आणि साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडते. शत्रू पळतो, त्यानं टाकलेल्या बंदुका-दारूगोळाही जाळतात. म्हणजे आपल्या उपखंडातल्या इतक्या जुन्या स्त्रीवादी विज्ञानकथेत बाईनं क्षमाबिमा काही केली नाही, किरण सोडले. आणि त्याच रोकेयांनी १९११ ला कलकत्त्यात मुलींची शाळा चालवायला घेतली तेव्हा घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केली. गोष्टीत किरण, गल्लीत मनधरणी. मला ह्या दोन्ही रोकेया हव्यात, एकच नको.

मंजिरी, सातारा

निशिगंधा, तुझा मूळ आरोप मला टोचलाय, म्हणून उत्तर देते. नायगावच्या सावित्रीबाई अंगावर शेण झेलत शाळेत जायच्या, दुसरं लुगडं सोबत ठेवून. ते सोसणं होतं का? त्या घरी बसल्या असत्या तर कोणी शेण मारलं नसतं. त्यांनी रस्ता सोडला नाही, आणि लुगडं बदलून वर्गात उभ्या राहिल्या. शोराच्या बायकांत मला हेच दिसतं. सोशिक बाई हुकूम पाळते. ह्या बायका एकही हुकूम पाळत नाहीत.

ले ग्विनच्या 'हेरॉन'मध्ये तर तिनं तुझंच काम केलंय. शांतीवाद्यांची वस्ती, लेव्ह नावाचा त्यांचा तरुण पुढारी, अगदी आपल्या चरित्रांतल्यासारखा. तो बंदुकीसमोर उभा राहतो आणि कादंबरी बरीच बाकी असताना मरतो. त्या धुमश्चक्रीत त्याच्या माणसांतलेही काही हात उगारतात. नायकच गेल्यावर लेखिकेचीही पंचाईत झाली, तिनं तसं पुढं लिहून ठेवलंय. मग वाट काढते ती लूझ, शहराच्या मोठ्या घरातून पळून आलेली. ती म्हणते, इथं बोलणी करत मरण्यापेक्षा निघून जाऊ. आणि एक जथा रानात निघून जातो.

वाळवेकर अण्णा

निघून जातो! हे कोयनेच्या धरणग्रस्तांना ऐकवा ताई. ते निघूनच गेले होते, देशाला वीज पाहिजे म्हणून. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना २०१८ साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसावं लागलं, जमिनीसाठी. बायका-पोरांसकट, शांतपणे, घोषणा देत. निघून जाणाऱ्याचं काय होतं ते पाटण तालुक्यात येऊन बघा.

येरळाकाठी

अण्णा, तुम्ही नकळत ह्या सगळ्या कादंबऱ्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. शोरा, शांतीवाद्यांची वस्ती, सॅन फ्रान्सिस्को, सगळीकडे शत्रूला यांच्याकडून काहीतरी हवंय. पाणी, मजुरी, आज्ञापालन. म्हणून 'नाही' म्हटलं की तो अडतो. कोयनेच्या माणसांकडून सरकारला जे हवं होतं ते मिळालेलं आहे, धरण भरलेलं आहे. आता ती ओट्यावर बसली काय आणि उठली काय. ज्याला तुमच्याकडून काहीच नको, त्याच्याशी असहकार कसा करायचा? यावर एकही लेखिका बोललेली मला आठवत नाही.

निशिगंधा, मिरज

ही कादंबरी लिहायला हवी. सैन्य नाही, जनरल नाही. 'बघू, कळवतो' म्हणणारी एक कचेरी आणि तिच्यासमोर तराफ्यावर बसलेल्या बायका. मंजिरी, घे लिहायला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठव कथा करून.

गणपती पेठ

त्या ग्रहाचा क्लार्क मी. जेवणाची सुट्टी दीड ते चार.

वैशाली, कोरेगाव तालुका

त्या कचेरीसमोर वही घेऊन बसायचं. साहेब किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणाची फाइल मागं सारली, सगळं लिहायचं आणि दर आठवड्याला बाहेरच्या भिंतीवर चिकटवायचं. त्याला आपल्याकडून काही नको असेल, पण त्यालाही गावात तोंड दाखवायचं असतंच ना.

वाळवेकर अण्णा

गावात दाखवायचं असतं, हे खरं. पण ताई, दुकानदार गावातला होता. साहेबाची तीन वर्षांत बदली होते.